पेणचं प्लास्टर

खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मी प्रार्थनेला बसायचे ती भिंतीला पाठ टेकायला मिळते म्हणून. बांगलादेशची लढाई सुरू झाली होती. रोह्यातल्या आमच्या मिशनच्या छोट्या बालगृहात खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावायचे, विहिरीचं पाणी भरायचं, ज्या मुलांना चालता येत नाही त्यांना कडेवर घेऊन मोरीत न्यायचं, त्यांच्या आयांची रडगाणी ऐकायची, आणि हे सगळं आवरून बसलं की मेट्रनबाई डोळे मिटून ‘हे कृपाळू बापा’ म्हणायला लागायच्या. त्यांचं ‘आमेन’ होईपर्यंत माझा डोळा लागलेला असायचा. एकदा तर मी चक्क घोरले. देव आहे याबद्दल मला शंका नव्हती हो, पण तो आमच्याकडे बघतोय यावरचा माझा विश्वास पार उडत चालला होता.

आमच्याकडे पोलिओ झालेली, जन्मतःच पावलं आत वळलेली अशी लेकरं यायची आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आया. ‘तुझ्याच पोटी असं का आलं’ म्हणून घरच्यांनी ज्यांना टोचून टोचून खाल्लेलं, अशा. कुणी म्हणे ग्रहणात विळी हातात धरली, कुणी म्हणे तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसली. ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. मी काही शिकलेली नर्स नव्हे. नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यात ड्रेसिंग करायला शिकले, तेवढीच. पण मुंबईहून महिन्याला एक डॉक्टर यायचे, त्यांनी मला वाकड्या पावलांना प्लास्टर घालायला शिकवलं होतं. पाऊल अगदी थोडं सरळ दिशेला वळवून धरायचं आणि वर प्लास्टर घालायचं. आठ दिवसांनी काढून आणखी थोडं वळवायचं, पुन्हा प्लास्टर. असं करत करत तान्ह्या लेकराचं पाऊल जाग्यावर येतं. मध्ये खंड पडला की मात्र ते परत मागे फिरतं.

तेव्हा आमच्याकडे सुगंधा होती, गागोद्याकडची. नवरा फौजेत. तिच्या सहासात महिन्यांच्या मंदाची दोन्ही पावलं आत वळलेली होती. तिच्या सासूनं निघताना साफ सांगितलं होतं, “वाल काढाया येशील तवा पोरीचं पाय सरळ झालं असलं तर आण. नाय तर तिथंच ठेव.” सुगंधानं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, पोर म्हणजे काय फुटकं भांडं आहे? दर आठ दिवसांनी प्लास्टर सोडलं की ती मंदाचं पाऊल हातात घेऊन नुसती बघत राहायची, आणि मग विचारायची, “बाय, जरा फरक हाय ना गो?” फरक होता. आणखी चारपाच प्लास्टरं, की काम फत्ते. वाल काढणीला येईपर्यंत सहज झालं असतं.

आणि नेमकं तेव्हाच मुंबईहून दर महिन्याला येणारं प्लास्टरच्या तयार पट्ट्यांचं पार्सल आलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आली की त्यांना लष्करी दवाखान्यात बोलावलंय, पट्ट्याही सगळ्या तिकडेच चालल्या आहेत. मी चिडले. कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं, म्हणून भांडी आपटली. सुगंधा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “तिच्या बापालाच लागत आसंल ती पट्टी, तर लागूं दे, बाय.” मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

कोठीत प्लास्टरच्या भुकटीचा एक जुना डबा होता. तयार पट्ट्या येऊ लागायच्या आधी आम्ही जाळीच्या कापडात ती भुकटी चोळून घरीच पट्ट्या वळायचो. मी डबा काढला, पट्ट्या वळल्या, भिजवल्या, मंदाच्या पायाला गुंडाळल्या आणि पाऊल धरून बसले. प्लास्टर धरायला लागलं की आधी हाताला ऊब लागते, मग ते टणक होतं. इथं माझे हात गार पडले तरी ऊब नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, नुसता पांढरा चिखल. मंदा रडून रडून झोपली. शेवटी मी तो चिखल पुसून काढला. मेट्रनबाईंना सांगितलं, “माल जुना झाला, मेला.” हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. भर पावसाळ्यात चुलीमागच्या भिंतीची भेग बुजवायला मीच तो डबा उघडला होता, आणि झाकण नीट न लावता तसाच ठेवला होता. कोकणातला पावसाळा! सगळ्या भुकटीनं ओल धरली. सगळ्यांनी लढाईला दोष दिला आणि मी तो देऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंनी मला पेणला पाठवलं, तिथल्या औषधांच्या दुकानांत काही मिळतं का बघायला. एस.टी.त बसल्या बसल्या मी देवाला ठणकावून सांगितलं की बाबा रे, मुंबईचं पार्सल आजच्या आज पाठव, मला दुसरं काही नको. वडखळला लष्कराच्या गाड्यांची रांग जात होती. आमची गाडी बाजूला काढून ठेवली ती हलेचना. पोरं हात हलवत होती, ट्रकातले जवानही हात हलवत होते, आणि मी एकेकाचं तोंड बघत होते की यांच्यातच सुगंधाचा नवरा असेल का. त्याचं तोंड मला ठाऊकही नव्हतं. इतकं मन शिणलं होतं.

पेणला एका दुकानात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यानं तर माझ्याकडे बघितलंही नाही. उन्हं डोक्यावर आली. मी स्टँडजवळच्या टपरीवर बाकावर बसले, चहा मागवला आणि कपात बघत राहिले. उठायचं त्राण नव्हतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी सरळ माझ्या हातांकडे बोट केलं. “बाई, तुम्ही कुठल्या कारखान्यात?”

मला काही कळेना. “कारखान्यात नाही हो, रोह्याच्या बालगृहात असते.”

“मग नखांत प्लास्टर कसं?”

मी बघितलं, खरंच होतं. काल इतके घासले हात, तरी नखांच्या कडेला पांढरं राहिलं होतं. त्यांची स्वतःची नखं तर कोपरापर्यंतच्या हातांसकट पांढरीफटक. गणपतींच्या पेणमध्ये अशा हातांचा माणूस काय करतो ते सांगायला नको. मला का कोण जाणे एकदम रडूच आलं, आणि त्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं. मंदाचं पाऊल, सासूची अट, उघडा राहिलेला डबा. मेट्रनबाईंना न सांगितलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, “मेलं नाय ते. पाणी प्यायलंय. आमचं पण होतं पावसाळ्यात. चला.”

चला म्हणजे गणपतीच्या कारखान्यात. मी दारातच थबकले. आमच्या घरात लहानपणापासून मूर्तीच्या दारी जायचं नाही अशी शिकवण. आत बघितलं तर ओळीनं पांढऱ्या मूर्ती, रंग नाही, डोळे नाहीत. मी मनात म्हटलं, प्रभू, मी पार्सल मागितलं होतं, हे काय? तेवढ्यात ते आतून म्हणाले, “चपला काढा.” झालं! मला वाटलं आता पाया पडायला सांगणार. मी कडक आवाजात म्हटलं, “मी ख्रिस्ती आहे.” ते म्हणाले, “असाल हो. पण पायाची माती प्लास्टरात गेली तर माझा साचा खड्डे धरतो.” मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू. चपला काढल्या आणि आत गेले.

त्यांनी चुलीवर लोखंडी कढई चढवली, कोपऱ्यातल्या पोत्यातली ओल धरलेली भुकटी चाळून तीत टाकली आणि मला उलथनं दिलं. “ढवळत ऱ्हा. जाळ बारीक. आधी उकळी आल्यासारखी उसळंल, भिऊ नका. मग शांत बसंल. शांत बसली की उतरवा. घाई केलीत तर अर्धी कच्ची, जास्त भाजलीत तर कामातून गेली.” खरंच, कोरडी भुकटी कढईत पाण्यासारखी उकळायला लागली. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. मग हळूहळू बुडबुडे थांबले, भुकटी निवांत बसली. त्यांनी चिमूटभर पाण्यात कालवून माझ्या तळहातावर ठेवली, आणि थोड्या वेळानं ती ऊन लागली. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते आपले दुसऱ्या कामाला लागले होते. निघताना त्यांनी ताज्या प्लास्टरची एक पिशवी बांधून दिली. म्हणाले, “पोरीचा पाय हाय. पहिल्या खेपेला माझंच वापरा, मग तुमचं भाजा.” नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

परत आल्यावर मी मेट्रनबाईंना आधी डब्याचं खरं सांगितलं. मग कारखान्याचं सांगितलं, आणि म्हटलं, “बाई, मदत आली, पण ती आली कुठून बघा.” त्या खोखो हसल्या. “देवबापानं तुला विचारून पाठवायची होती होय?” त्यांना तसं हसताना मी लढाई लागल्यापासून बघितलं नव्हतं. सकाळी मंदाचं पाऊल धरून बसले. सुगंधा समोर बसलेली. माझी बोटं गार, पाठ मोडलेली, मनात प्रार्थनेचा एक शब्द नाही. आणि मग ऊब आली. मी सुगंधाचा हात ओढून त्या पायावर ठेवला. “व्हय गो,” एवढंच म्हणाली ती.

याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. त्या दिवसापासून मी देवाकडे मागते ते सरळ मागते, पण कुणाच्या हातून दे, कुठल्या वाटेनं दे, हे सांगायचं सोडून दिलंय. स्वभाव काही गेला नाही; अजूनही कुरकुरते, अजूनही प्रार्थनेत डोळा लागतो.

डब्यातली सगळी भुकटी मी त्याच रीतीनं भाजून काढली आणि आम्ही एकही आठवडा चुकवला नाही. लढाई संपली, सुगंधाला नवऱ्याचं पत्र आलं, आणि वाल काढणीला आल्यावर तिचा दीर तिला न्यायला आला. तो दारातच उभा होता, पोरीकडे न बघता. सुगंधानं मला पायरीवर बसवलं, माझे दोन्ही हात उताणे केले आणि मंदाच्या काखेत हात घालून तिला त्यांच्यावर उभी केली. आधी तिची पावलं कडेनं टेकायची, फक्त बाहेरची बाजू. आता दोन्ही तळवे सबंध, टाचेपासून बोटांपर्यंत, माझ्या हातांवर टेकले. दिरानं वाकून बघितलं, मग पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. ती तिघं रस्त्याच्या वळणापर्यंत गेली तरी मी तशीच बसले होते, हात उताणे. आभार मानायला शब्द काही सुचेना. नुसतं “बापा” म्हटलं.