डेल्फीमावशीचा सरकारी संडास

मंदीच्या काळात अमेरिकेच्या सरकारला एकदा वाटलं, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली माणसं झुडपाआड जातात म्हणूनच देश मागे राहिलाय. झालं! बेकारांच्या हाती हातोडे दिले आणि दारोदारी संडास उभे राहिले.

डेल्फी स्कॅग्जच्या अंगणातही एक आला. काय बाई त्याचा थाट! खाली सिमेंट, वर घट्ट छप्पर, झरोक्याला जाळी. माशीची आत शिरायची बिशाद नाही. आणि मावशीचं घर? पाऊस आला की खाटेवरसुद्धा पातेलं मांडायचं.

"अरे, तेवढ्या हातासरशी माझ्या घरावर चार फळ्या ठोका की," तिने सुताराला विनवलं.

"मावशी, घराचा हुकूम नाही. फक्त संडासाचा आहे."

मग मावशीने स्वतःचा हुकूम काढला. हिवाळ्याच्या बेगमीला मीठ लावून धुरावलेल्या डुकराच्या मांड्या घरात ओलीने बुरसायला लागल्या होत्या. तिने त्या उचलल्या आणि कोऱ्या संडासात टांगल्या. नवऱ्याला दम भरला, "होबर्ट, आत पाऊल टाकलंस तर याद राख! तुझं झुडूप काय पळून गेलंय?"

आणि आले की तपासणीला व्हिटलोसाहेब! वापरात नसलेला संडास उचलून दुसऱ्याला द्यायचा, असा नियम. संडास गेला की मांड्या सडणार, मग हिवाळाभर खायचं काय? तिने आधी साहेबांना जेवायला बसवलं. घेवडा, मक्याचा पाव, वर आंबट ताक. साहेबांनी तीनदा वाढून घेतलं. आणि मग हळूहळू घामाघूम झाले.

"बाई, जरा... कुठे आहे तो?"

मावशीने संडासाचं दार उघडलं. आत मांड्या डुलत होत्या. बैठकीवर पिठाचा डबा.

"हे काय!"

"उतरवून देते की. आता सरकारी कामाला घाई कशाला?"

साहेब ऐकायला थांबलेच नाहीत. झुडपातून होबर्टचा आवाज आला, "अहो, इथे मी आहे! पलीकडे जा!"

बऱ्याच वेळाने साहेब पट्टा आवळत परतले. मावशीच्या नजरेला नजर देईनात.

"तर... रोज वापरता ना?"

"म्हणजे काय! सकाळ-संध्याकाळ आत जाऊन येते."

"मग वापरात आहे," साहेब म्हणाले.

"बसा, दोन तुकडे तळते मांडीचे."

साहेबांनी संडासाकडे एकवार पाहिलं.

"नको. बांधूनच द्या."