परतीची तारीख नसलेलं पुस्तक

मंडळी, आज भर वर्गात स्वतःचीच लाज वाटली.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. लायब्ररीचं सॉफ्टवेअरही मीच बनवलंय. आज पोरांना त्यातल्या चुका शोधायला लावल्या.

साखरा गावाहून येणारी एक मुलगी उठली. "सर, प्रोग्रॅमिंगचं मराठीतलं पुस्तक एकच हाय. फर्स्ट इयरपासून ते मागून राहिले मी. कोण्या तरी सरांकडं हाय म्हणतेत. शिक्षकांना परतीची तारीखच न्हाई, काहून?"

आम्हा शिक्षकांच्या सोयीसाठी ती मीच ठेवली नव्हती.

"बराबर पकडलंस," एवढंच म्हणालो आणि तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

ते पुस्तक माझ्याच घरी कपाटात पडलंय. उद्या परत करतो. पण तिचं हे शेवटचं वर्ष आहे. पुस्तक कोणाकडं होतं, हे तुम्ही तिला सांगितलं असतं का?