सर्व्हर बंद करते, एवढंच सांगायला गेले होते

गेल्या महिन्यातला रविवार. आमच्या सर्व्हरवरची मंडळी पहिल्यांदाच जुन्या जालन्यात प्रत्यक्ष भेटणार होती. सगळे खुशीत होते... मी सोडून. कारण हा सर्व्हर बंद करतेय, हे सांगायला मी निघाले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियासारखंच, पण कुणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल असं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळतं. असे छोटे छोटे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे आमच्याकडे लिहिलेलं दुसऱ्या गावच्या सर्व्हरवरही वाचता येतं. दोन वर्षांपूर्वी मी आपल्या भागातल्या लोकांसाठी असा एक सुरू केला. कॉलेजच्या लॅबमधली नोकरी सांभाळून एकटीच चालवत होते.

सुरुवातीला मजा यायची. नंतर अपडेट, स्पॅम, मेंबरांची भांडणं, कुणाचा पासवर्ड हरवला... आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून सर्व्हर रीस्टार्ट करत होते. आत आई विचारत होती, पोरगी कुठं गेली. त्या दिवशी ठरवलं, आता बस्स.

अनीसभाईंच्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर बैठक होती. अनीसभाई आमचे जुने मेंबर, दुकान सांभाळून जुने रेडिओ दुरुस्त करतात आणि त्यांचे फोटो टाकतात. कापडाचे ठाण बाजूला सारून त्यांनी गादी घातली होती. दहा-बारा जण आले. चहा झाला, ओळखी झाल्या.

मग गायकवाड बाई बोलायला लागल्या. बाई शहागडच्या, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. आपल्याकडचा, लोक विसरत चाललेला एक शब्द त्या रोज अर्थासकट लिहितात. सकाळी पहिली पोस्ट मी त्यांचीच वाचते, पण समोरासमोर त्या दिवशीच भेटलो.

"आधी मोठ्या साइटवर होते मी," बाई म्हणाल्या. "पाच-सहा वर्षांचे शब्द व्हते तिथं. एक दिवस पेजच बंद. काय चुकलं म्हणून विचारावं, तर मशीनच उत्तर देऊ राह्यली. माणूस न्हाईच तिथं! मंग हिकडं आले. पहिल्याच दिवशी फोटो चढंना, तर या वैशालीनं समजावून सांगितलं. म्हटलं चला, हितं माणूस हाय."

सगळे माझ्याकडं बघून हसले. पण आता नाही बोलले तर कधीच बोलणं होणार नाही, म्हणून सांगून टाकलं... महिनाअखेर सर्व्हर बंद.

खाली दुकानात कुणीतरी कापड टराटरा फाडत होतं.

"आणि माझे शब्द?" बाईंनी विचारलं. सगळ्यांना आपापलं लिखाण डाउनलोड करून देईन, असं मी म्हणाले. "ते न्हाई गं बेटा. बंद का करू राह्यलीस, ते सांग."

मी सगळं सांगितलं. जिन्यातलंही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोणाला मदत मागितली का तू?"

नव्हती मागितली. कुणाला जमणार, कुणाला वेळ असणार, असं मीच ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर पासवर्ड कुणाच्या हातात द्यायला जीव धजत नव्हता.

तेवढ्यात अंबडच्या सवितानं हात वर केला. ती एका बँकेत सिस्टीमचं काम बघते. "ताई, माझं रोजचं कामच हे हाय. तुम्ही कधी विचारलंच न्हाई, मंग मला वाटलं तुम्हाला लागत नसंल."

"आणि भांडणांचं मला दे," बाई म्हणाल्या. "जिंदगीभर पोरांची भांडणं सोडवली. तुझे मेंबर काय त्यांच्याहून वांड हायत का?" सगळी माडी हसली. मीही.

एक अपडेट राहिलेलंच होतं. लॅपटॉप उघडला, बॅकअप घेतला आणि सविताला म्हटलं, तू बस इथं. तिनं अपडेट सुरू केलं... आणि सर्व्हर बंद पडला. माझा हात आपोआप कीबोर्डकडं गेला. बाईंनी मनगट धरलं. "थांब. करू दे तिला."

ती दहा-पंधरा मिनिटं मला फार लांब वाटली. सविता एकेक ओळ वाचत राहिली. शेवटी सापडली चूक, माझीच, कधीतरी घाईत केलेली एक जुनी सेटिंग. तिनं ती नीट केली आणि पान उघडलं. अनीसभाईंनी लगेच एका रेडिओचा फोटो टाकला आणि माडीवरचे सगळे फोन एकदम वाजले.

आता चाव्या, म्हणजे पासवर्ड, आम्हा तिघींकडं आहेत. बाईंनी आल्या आल्या एक जुनं भांडण मिटवलं. दोघांना काय लिहिलं ते मला सांगायला तयार नाहीत. परवा मी लग्नात होते, तेव्हा दुपारी सर्व्हर बंद पडून परत सुरूही झाला, आणि मला ते संध्याकाळी कळलं. आईशेजारी बसून निवांत जेवले. थोडंसं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू...

सगळं एका कंपनीच्या हातात नको, म्हणून मी हा सर्व्हर सुरू केला होता. दोन वर्षं ती कंपनी मीच होऊन बसले होते, हे मला दिसलंच नाही. बाई, सविता... माझ्या हातातून सर्व्हर सोडवून घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार.