एक्केचाळिसावा खुलासा

माझी थोरली बहीण कायद्याच्या पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. एक स्वल्पविराम हलला तर एकाचं घर दुसऱ्याचं होतं, असं ती जेवताना भाजी वाढून घेता घेता सांगायची. आणि ती गंमत करत नसे.

आमच्या मंडळात तिला मी नेलं. मंडळ म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी जमणारी वीसेक मोठी माणसं. टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, त्यावर बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक मांडायचे, भालेवाले, तिरंदाज, घोडेस्वार, हत्ती, सगळे तोफा यायच्या आधीच्या काळातले. आणि मोजपट्टी नि फासे घेऊन लढाया करायच्या. नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ज्यानं ते लिहिलं त्याला लढाई कळत होती, वाक्य कळत नव्हतं. एकेका ओळीचे तीन-तीन अर्थ निघत आणि खरी लढाई टेबलाबाहेरच होई.

ताईनं पुस्तक उघडलं, पेन्सिल काढली, आणि त्या दिवसापासून ती मंडळाची झाली. स्वतः कधी एक सैनिक हलवला नाही. लोक चिठ्ठीवर शंका लिहून देत, ती महिन्याच्या शेवटी क्रमांक घालून खुलासा काढी. मी त्याच्या प्रती काढून वाटायचो. ‘ताई म्हणाली म्हणजे छापील’ असं सगळे म्हणत. ते ऐकलं की ती चष्मा उगाचच पुसायची.

मंडळात एक वेल्डर होता. तोंडातून शब्द निघायची मारामार, म्हणून सगळे त्याला थट्टेनं ठिणगी म्हणत. त्यानं स्वतः ओतलेले, घासलेले, रंगवलेले सहा हत्ती होते. त्यात त्याचं वर्ष गेलं होतं. ताईचे खुलासे त्याच्याइतके मन लावून कुणी वाचत नसे. एका रविवारी त्यानं सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात तिला विचारलं, ‘ताई, इथं “आणि” नाही, “किंवा” पाहिजे का?’

‘किंवा’च पाहिजे होतं. ताई हसून ‘हो, बरोबर’ म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिनं तो खुलासा जेवणाआधी तीनदा वाचून काढला.

पुढच्याच महिन्यात वर्षाची शेवटची स्पर्धा होती. अंतिम सामना ठिणगी आणि चष्म्याच्या दुकानवाल्यामध्ये. ठिणगीचे हत्ती बिथरले आणि मागे पळाले. नियम असा, की पळणारे हत्ती वाटेत येणाऱ्या आपल्याच लोकांना तुडवतात. ठिणगीनं मागचे भालेवाले मुद्दाम न हलवता राखून ठेवले होते. ते त्यानं एक पट्टीभर बाजूला घेतले आणि हत्तींना वाट करून दिली.

‘हे कुठल्या नियमात बसतं?’ चष्मेवाला उठलाच.

‘खुलासा एक्केचाळीस,’ ठिणगी म्हणाला. ‘पाळी झाली नसेल तर सरकता येतं. ताईंनीच लिहिलंय.’

सगळे ताईकडे वळले. जुने कागद कुणी जपून ठेवत नसे. फाइल होती ती ताईच्याच कपाटात, घरी. ताईनं क्षणभर कापडाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘असा खुलासा मी लिहिलेला नाही.’

‘ताई, दोन वर्षांपूर्वी...’

‘मी लिहिलेलं मला आठवणार नाही का?’

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, ‘ठिणगीच्या स्वप्नात येऊन लिहून गेली असेल.’ खोलीभर हशा पिकला. मीही हसलो. ठिणगीनं भालेवाले उचलून होते तिथे ठेवले, हत्तींनी ते तुडवले, आणि बक्षिसाची ढाल चष्मेवाल्याकडे गेली. मंडळातल्या दोघा-तिघांनी नंतर ‘एवढा साधा दिसतो, पण...’ असंही बोलून घेतलं.

सोमवारी सकाळी ताई कामाला निघाली नाही. फाइल मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. एक्केचाळीस क्रमांक तिच्या अक्षरात, तिच्या सहीनिशी समोर होता.

‘विसरली असशील,’ मी म्हणालो.

‘अंधुक आठवलं होतं,’ ती म्हणाली. ‘तेव्हाच. पण त्यानं परत एकदा मला दुरुस्त करावं, हे नको होतं.’

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात तिचा सगळ्या खुलाशांचा संग्रह तयार व्हायचा होता. तिनं माझ्या हातात कागद दिले तेव्हा अडुसष्टऐवजी सदुसष्टच खुलासे होते. एक्केचाळीसच्या जागी बेचाळीस आला होता आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर मागे सरकले होते. मला ते लगेच दिसलं. मी गुपचूप वीस प्रती काढल्या, टाचल्या, आणि रविवारी वाटण्यासाठी खाली शिंप्याकडे नेऊन ठेवल्या.

त्यानंतर ठिणगी खेळायला आला नाही. कुणी विचारलं नाही, आम्ही विषय काढला नाही. घरात मात्र ताई साधी यादी लिहितानासुद्धा अडखळायला लागली. छापखान्यात दोन मुद्रितं तिनं दुसऱ्याकडून तपासून घेतली.

तीन महिन्यांनी मंडळात नव्या आलेल्या एका शिक्षिकेनं चिठ्ठी टाकली. ‘हत्ती मागे पळताना त्यांच्या वाटेतल्या पायदळाला बाजूला सरकता येते काय?’ चिठ्ठी तीन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होती.

‘नव्यानं लिहून टाक ना,’ मी म्हणालो. ‘खरं तेच लिही. प्रश्न मिटला. कुणाला काय कळणार आहे?’

‘ठिणगीला कळेल,’ ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या कारखान्यात गेली. मी बरोबर होतो. तो एका फाटकाच्या चौकटीवर वाकला होता. आम्हाला बघून त्यानं तोंडापुढची काळी काच वर केली, स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं. ताई बसली नाही.

‘तो खुलासा मीच लिहिला होता,’ ती म्हणाली. ‘मी तुम्हाला खोटं पाडलं.’

‘माहीत आहे, ताई. कागद माझ्याकडे आहे. स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सापडला.’

‘मग आणला का नाहीत?’

‘आणला होता.’ तो हातमोजे काढत बोलत होता, एकेक बोट सोडवत. ‘पुढच्या रविवारी जिन्यापर्यंत आलो. शिंप्यानं संग्रह हातात दिला, तुम्ही खाली ठेवला होतात तो. पायरीवरच उघडून बघितला, एक्केचाळीसच्या जागी बेचाळीस. चूक असती तर दाखवली असती, ताई.’

ताईच्या मानेपासून कानांपर्यंत लाली चढली. मी भिंतीला टेकवलेल्या सळ्यांकडे बघत राहिलो. त्या प्रती मी काढल्या होत्या. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

रविवारी ताईनं खोलीत उभं राहून जुना एक्केचाळीस वाचला. मग तो कसा नाहीसा झाला ते सांगितलं. ‘विसरले’ हा शब्द तिनं वापरला नाही. आवाज मुद्रित वाचताना लागतो तसा सपाट होता. चष्मेवाला चिडला, ‘म्हणजे ती ढाल मी फुकटची घरी ठेवलीय का?’ म्हणून फणफणला. कोपऱ्यातले विनोदवीर खाली बघत बसले. ‘आता खुलासे दुसऱ्या कुणी लिहावेत,’ असं ती म्हणाली तेव्हा, आग्रह होईल अशी मला आशा होती. कुणीच केला नाही. काम शिक्षिकेकडे गेलं.

दोन आठवड्यांनी ठिणगी परत आला. ताईला त्यानं आधीसारखाच नमस्कार केला. चष्मेवाल्यानं ढाल त्याच्यापुढे केली, ती त्यानं टेबलाखाली सरकवून दिली आणि हत्ती मांडायला घेतले.

ताई आता स्वतः खेळते. वाईट खेळते, बहुतेक हरते. मागच्या महिन्यात तिची जोडी ठिणगीशी लागली. मध्येच एका उतारावरच्या घोडेस्वारांबद्दल शंका निघाली. नियम ताईला तोंडपाठ होता. मला तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. ठिणगीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘बाई, जरा इकडे येता का?’ म्हणून त्यानं शिक्षिकेला हाक मारली.

ताई हात मागे बांधून उभी राहिली. शिक्षिकेनं पुस्तक चाळून निकाल दिला, बरोबर दिला, आणि ताईची पाळी होती म्हणून तिनं फासा उचलला.