स्मारक तिठ्यावर, माणूस कुळागरात

शाळेतल्या तेजस्विनीबाईंनी शेवंती परबला पहिल्यांदा पाहिलं ते एकोणीस डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, पेडण्यातल्या हद्दीजवळच्या एका गावात. शाळेतली मुलं तिठ्यावरच्या स्मारकाला फुलं वाहत होती आणि ही म्हातारी ती उचलून परत त्यांच्या हातात देत होती.

"हंय कोण मरूंक नाय! किती वर्सां सांगतंय!"

पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या त्या १९५५च्या पावसाळ्यात शेवंती नऊ वर्षांची होती. एक जखमी सत्याग्रही त्यांच्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, येऊन पडला. आईने पाणी पाजलं, शेवंतीने डोकं धरलं, आणि भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखालीच तो गेला. स्मारक मात्र तिठ्यावर झालं, कारण कुळागराकडे जाणाऱ्या अरुंद पाणंदीतून पाहुण्यांच्या गाड्या जाईनात.

"गाड्यो वळतत म्हणान मेल्ल्या माणसाक हंय हाडलात?" तिने सरपंचांना विचारलं. त्यांनी हसून तिच्या खांद्यावर शाल घातली. शाल घालून तोंड बंद करायची ही रीत तिला पाठ होती. तिने शालीची घडी करून ती त्यांच्याच हातात ठेवली.

"मी गेल्यार ती जागा कोण दाखयतलो?"

तेजस्विनीबाईंना राहवलं नाही. "आजी, आम्हाला दाखवा," त्या म्हणाल्या.

"आता? पायांत बुटां घालून? वाटेत व्हाळ आसा गे बाये!" करवादत ती पुढे निघाली, आणि मुलांनी बूट काढून हातात घेतले.

स्मारक अजून तिठ्यावरच आहे. शेवंती आता एकोणऐंशीची आहे. दर शनिवारी शाळा सुटली की ती चार-पाच मुलांना घेऊन पाणंद झाडते, आणि नीट झाडत नाहीत म्हणून त्यांच्यावर ओरडते.