रोलरवरचं कुंकू

आमच्या भागात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोरडा रस्ता फारसा दिसत नाही. तोक्योत ओजिमाला राहत होतो तेव्हा हिवाळा म्हणजे निळं आकाश आणि फुटलेले ओठ. मग नवऱ्याची बदली जपान समुद्राच्या बाजूला झाली आणि हिवाळा नव्याने शिकावा लागला. आधी पाऊस, मग ओला बर्फ, मग त्याचा चिखल, मग पुन्हा पाऊस. डिसेंबरात ढग गडगडतात तेव्हा इथली म्हातारी माणसं खुशीत सांगतात, आता बुरी मासा येणार. माशाचं ठीक आहे. आम्ही कपडे घरात वाळवतो, बुटांत वर्तमानपत्र कोंबून बूट घरात वाळवतो, आणि सायकल चालवायची तर तीही घरातच.

घरात चालवायचं कारण माझं मनगट. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात नदीकाठच्या बांधावर ओल्या पानांवरून चाक घसरलं. हाड मोडलं. वीस मिनिटं मी तिथे पडून होते आणि वीस मिनिटांत एक माणूस फिरकला नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी दोन नियम केले. ओल्या रस्त्यावर जायचं नाही आणि लांब एकटीने जायचं नाही.

पण लांब जायचं होतं. तोयामाच्या खाडीच्या काठाने रस्त्याच्या कडेला सायकलवाल्यांसाठी निळी रेघ मारलेली आहे, शंभरेक किलोमीटर. एप्रिलमध्ये एका हाताला समुद्र असतो आणि त्याच्या पाठीमागे पांढरेशुभ्र डोंगर. ते मी गाडीतून पाहिलं होतं. बावन्न वर्षांच्या बाईने काय काय करावं याची माझी यादी मोठी नाही. हे एवढंच होतं तिच्यात.

ओजिमाला कुठल्याही लिफ्टमध्ये मराठी कानावर पडायचं. इथे मराठी घरं दोन, एक आमचं आणि एक समोरच्या इमारतीतलं. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. ती माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, मूळची पुण्याची, मला ताई म्हणायची. ट्रेनरची कल्पना तिचीच.

"एकटीने जायचं नाही ना? मग दोघी जाऊ," ती म्हणाली. "हिवाळाभर घरात पाय तयार करायचे, एप्रिलमध्ये खाडी. तुम्ही पुढे, मी मागे. पडलात तर मी उचलेन, मी पडले तर तुम्ही फोटो काढा."

एकाच जुन्या सामानाच्या दुकानातून, एकाच दिवशी आम्ही दोन सारखे ट्रेनर आणले. ट्रेनर म्हणजे लोखंडी घोडा. सायकलचं मागचं चाक त्यात कसायचं, ते एका रोलरवर टेकतं, मग कितीही पेडल मारा, सायकल जागची हलत नाही. खाली जाड रबरी मॅट, समोर खिडकी, खिडकीबाहेर पाऊस.

दसऱ्याला आम्ही दोन्ही ट्रेनरची पूजा केली. बाल्कनीतल्या कुंडीत दोन झेंडू आले होते, एकेक वाहिला. तिने कुंकू तेलात कालवलं आणि करंगळीने रोलरच्या राखाडी झाकणावर स्वस्तिक काढलं, आधी माझ्या, मग स्वतःच्या.

"तेलात कशाला? निघणार नाही ते," मी म्हटलं.

"निघू नये म्हणूनच, ताई."

इथल्या नकाशांवर तीच खूण उलटी काढली की देऊळ होतं. नवऱ्याने घरी आल्यावर विचारलं, "आता याच्यापुढे बूट काढायचे का?"

नोव्हेंबरपासून रोज साडेनऊला आमचा फोन. ती मुलीला पाळणाघरात सोडून यायची, फोन स्पीकरवर खिडकीत ठेवायची, मीही. व्हिडिओ नको म्हणाली. "माझा अवतार बघवणार नाही तुम्हाला, अंबाडा सुटलेला, नाक लाल." मला पटलं, माझाही काही वेगळा नव्हता. पाऊण तास दोन्हीकडून घरघर. मध्ये गप्पा, कोणत्या दुकानात मेथी दिसली, कोणाच्या सासूला व्हिसा मिळाला. शेवटी आकडे.

"सतरा. तुझे?"

"अठरा! एक किलोमीटर मागे आहात, ताई."

आता सांगते ते जानेवारीतलं. आमच्या दोन इमारतींचा कचरा एकाच ठिकाणी जातो आणि ती जागा बघायचं काम दर आठवड्याला एकेका घराकडे येतं. लाकडी पाटी दाराला अडकवलेली दिसली की समजायचं, या आठवड्यात आपण. कावळे येऊ नयेत म्हणून टाकलेलं जाळं घडी करायचं, कोणी बाटल्या चुकीच्या दिवशी ठेवल्या असतील तर चिठ्ठी लावायची. मला हे काम आवडतं, नियम स्पष्ट असतात. मोठ्या वस्तूंची वेगळी रीत आहे. फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून स्टिकर आणायचं, त्यावर मिळालेला नंबर लिहायचा आणि वस्तू त्या सकाळी बाहेर ठेवायची. स्टिकरवर नाव नसतं.

त्या मंगळवारी सव्वाआठला छत्री घेऊन खाली गेले. कडेला एक गुंडाळलेला गालिचा, एक भात शिजवायचा कुकर आणि एक ट्रेनर. पहिल्यांदा मनात आलं, अरे, आणखी कोणीतरी चालवतंय या इमारतीत. मग खाली वाकले. राखाडी झाकणावर लाल स्वस्तिक होतं. पाऊस त्यावर पडत होता आणि थेंब नुसते घसरत होते. तेलातलं कुंकू, निघणार कसं?

मोडला असेल, मी स्वतःला सांगितलं. रोलर हाताने फिरवून पाहिला. छान फिरत होता. घरी आले, हात धुतले, सायकलवर बसले, साडेनऊची वाट पाहिली. मला वाटलं ती म्हणेल, ताई, एक गंमत झाली. नवीन घेतला म्हणेल, दुखतंय म्हणेल, कंटाळा आला म्हणेल. काहीही चाललं असतं.

फोन वाजला. "चला ताई, सुरू?"

मागे घरघर होती, रोजच्यासारखीच, एका लयीत. मी पेडल मारत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती घरघर नीट ऐकली. तशी घरघर माझ्याही घरात होती, बाथरूममध्ये कपड्यांखाली, हवेतलं पाणी ओढणाऱ्या मशीनची. हिवाळ्यात इथे प्रत्येक घरात ते चालू असतं.

मध्येच चर्रर्र असा लांबलचक आवाज आला.

"हे काय?" मी विचारलं.

"चेन हो. तेल घालायला झालंय." मग थोडी धापही टाकली तिने. चांगली जमली होती.

पाऊण तासाने मी म्हटलं, "सोळा. तुझे?"

"अठरा."

खाली काय पाहिलं ते मी सांगितलं नाही. ती हे नाटक किती दिवस चालवते ते बघायचं होतं. पाच आठवडे तिने चालवलं. मी रोज आकडा विचारला, तिने रोज दिला. एकदा वीसही दिले, आज पाय हलके आहेत म्हणाली. माझे पाय जड होत गेले, पण मी एकही दिवस चुकवला नाही. फ्रिजवर खाडीचा नकाशा होता, त्यावर जेवणाच्या जागेभोवती पेन्सिलने गोल काढलेला होता. माझ्या नियमाप्रमाणे ती नसेल तर एप्रिल नाही. म्हणजे मी रोज कशासाठी घाम गाळत होते? तरी गाळला. सवय म्हणा.

फेब्रुवारीच्या शेवटी ती घरी आली, हातात खोका. प्रेशर कुकर, पोहे, हिंगाच्या दोन डब्या, मसाल्याचा डबा. इथून परत जाणारं प्रत्येक घर असा खोका कोणाकडे तरी पोचवतं. ओजिमात मी असे पंधरा तरी घेतले असतील. बघताक्षणी कळलं.

"ताई, कॉन्ट्रॅक्ट संपलं. मार्चअखेर निघतोय," ती म्हणाली. "कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

"कधी कळलं?"

"डिसेंबरात." मग घाईने, "भाऊजी बोलले असतील ना?"

भाऊजी म्हणजे माझा नवरा. तो काही बोलला नव्हता. ते मी बाजूला ठेवलं, एका वेळी एक.

"ट्रेनर कुठे आहे तुझा?"

"आहे ना. पॅक करायचाय."

"जानेवारीत माझी कचऱ्याची पाळी होती," मी म्हटलं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. खोका मांडीवरच.

"ती चेन म्हणजे खोक्यांची चिकटपट्टी होती, हो ना?" मी विचारलं. "आणि मशीन रोज अठरा किलोमीटर गेलं. पाणी किती काढलं त्याने?"

"ताई, टोमणे नका मारू. सांगणारच होते. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी तुम्ही नकाशाचा फोटो पाठवलात, जेवायचं कुठे ते गोल करून. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही सायकल सोडून दिली असतीत."

"ते मी ठरवलं असतं."

"मला वाटलं, निदान हिवाळाभर तरी तुम्ही चालवाल."

"माझ्यासाठी केलंस म्हणजे."

"हो."

"ट्रेनर मला द्यायचास. चांगला चालत होता."

"दिला असता तर कळलं नसतं का तुम्हाला?"

मग तिच्या लक्षात आलं. तोंड वर करून तिने विचारलं, "जानेवारीपासून माहीत होतं? आणि रोज माझ्याकडून आकडा घेत होतात?"

"हो."

"हे बरं नाही केलंत, ताई."

"नाही केलं," मी म्हटलं. "चहा घेणार?"

चहा घेतला. खोकाही ठेवून घेतला, हिंग इथे मिळत नाही.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ऑफिसमधलं होतं ते. जाहीर झालं नव्हतं."

"मी रोज तिच्याशी बोलत होते. या खोलीत. तू घरून काम करायचास तेव्हा तुझ्यासमोर."

"म्हणूनच वाटलं, तीच सांगेल. तुमच्या दोघींच्या मध्ये मी कशाला?" आणि मग, जेवताना, "तू इतकी खूश होतीस. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

दोन माणसं, दोघांनीही माझं भलं पाहिलं. मला विचारावं असं एकालाही वाटलं नाही. मी उरलेल्या पोळ्या झाकल्या आणि आत गेले. तिच्यावरचा राग मला समजत होता. याच्यावरचा अजून नीट समजलेला नाही, आणि हा तर रोज समोर असतो.

मार्चअखेर ती गेली. बसस्टॉपवर सोडायला गेले, तिची मुलगी जपानीत काहीतरी बडबडत होती, पाऊस होताच. मिठी वगैरे झाली. एप्रिलचा विषय दोघींनीही काढला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस ऊन पडलं. नवरा म्हणाला, "मी गाडीने मागून येतो ना."

"ताशी अठराने? मागे शाळेच्या बसेसची रांग लागेल."

"मग एकटी?"

"एकटी. रस्ता कोरडा आहे." दोनपैकी एक नियम शाबूत होता. दुसऱ्याच्या बदल्यात फोनचं लोकेशन चालू ठेवलं आणि कुठल्या गावावरून किती वाजता जाईन ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं, नकाशाशेजारी.

निळी रेघ सोपी आहे, नुसतं तिच्यावरून जायचं. डोंगर दिसले, गाडीतून दिसले होते त्याहून मोठे. मी मागे वळून पाहिलं नाही, मागे कोणी नव्हतं. पेन्सिलने गोल केलेलं दुकान बंद होतं, म्हणून कोन्विनी, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातला ओनिगिरी, भाताचा गोळा, बांधावर बसून खाल्ला. पाय तयार होते, हे मान्य करावं लागेल. पण दुपारी समुद्रावरून समोरचा वारा सुरू झाला आणि मनगट ठणकू लागलं. पुढचं स्टेशन आलं तिथे उतरले, चाकं काढून सायकल पिशवीत भरली आणि ट्रेनची वाट पाहत बाकावर बसले.

फोनवर पुण्याहून निरोप होता. आज मी निघणार हे तिला कोणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. आता नवऱ्याला सांगायचं सुचलं होतं.

"ताई, किती झाले?"

फलाटावर ऊन होतं. सायकलवरचं मीटर पिशवीतून चाचपून काढलं आणि नीट वाचलं.

"बासष्ट," मी लिहिलं.

एरवी त्यापुढे 'तुझे?' असायचं. ते लिहिलं नाही. गाडी आली.