पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड

स्वतः जोडायच्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरचे भाग निवडायला मला तीन महिने लागले. निघोजेच्या कंपनीत जाता-येता बसमध्ये दुसरं कामच नव्हतं. प्रोसेसर ठरला, मदरबोर्ड ठरला, ग्राफिक्स कार्ड तर चार वेळा ठरलं. शेवटी पसंत पडलं ते तीन पंख्यांचं, लांबलचक होतं आणि माझा त्याच्यावर जीव जडला. हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा, म्हणजे कॅबिनेट, मात्र लहान हवं होतं, कारण भोसरीतल्या आमच्या दोन खोल्यांत टेबलही लहानच.

पप्पांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ते लातूरकडून तरुणपणी इथे आले आणि एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं साचे बनवत राहिले. मग उजवा हात थरथरायला लागला. कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच काम सोडलं. "चुकीचं माप देण्यापेक्षा घरी बसलेलं बरं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून बारीक मापं घ्यायच्या त्यांच्या व्हर्नियरची पेटी कपाटात होती. दोन वर्षांत त्यांनी ती एकदाही उघडली नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, पण बघायचे काहीच नाहीत. मला ते सहन व्हायचं नाही आणि सहन झालं नाही की मी चिडते, म्हणून घरात माझी नुसती चिडचिड चाललेली असायची.

एका रविवारी सकाळी माझी यादी त्यांच्या हाती लागली.

"काय घ्यायलीस एवढं? आणि हे कार्ड डब्यात बसतंय का?"

"बसतं. वेबसाईटवर लिहिलंय. सात मिलीमीटर जागा उरते."

"लिहिणाऱ्यानं बसवून बघितलं का?"

त्यांनी चष्मा लावला. "पुठ्ठा आण. आणि माझी पेटी काढ."

खरी वस्तू यायच्या आधी तिच्याच मापाची खोटी वस्तू करून बसवून बघायची, ही त्यांची जुनी रीत. कार्डची मापं ते बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातून घेतली; कापलेला पुठ्ठा तपासायचा तो लांबी पोलादी पट्टीनं, जाडी व्हर्नियरनं. कापायचं काम माझ्याकडे. ते डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून माप वाचायचे. मला बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती.

"अर्धा मिलीमीटर जास्त. रिजेक्ट."

"पप्पा, पुठ्ठा आहे तो!"

"म्हणून काय झालं?"

तीनदा रिजेक्ट झाल्यावर चौथ्यांदा मी पास झाले. त्यांनी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं 'ओके' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण मला शाळेच्या कुठल्या प्रगतिपुस्तकानं इतका आनंद दिला नव्हता.

पुठ्ठ्याचं ते कार्ड काखेत मारून पप्पांबरोबर चिंचवडच्या दुकानात जाताना मला खरं तर लाज वाटत होती. दुकानदार हसलाही. पण भला माणूस, त्यानं मी ठरवलेलं कॅबिनेट उघडून पुढ्यात ठेवलं. पप्पांनी कार्ड आत सरकवलं आणि ते कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या पंख्यांना अडलं. चांगलं बोटभर बाहेर राहिलं.

दुकानदारानं वाकून बघितलं. "बरोबर आहे काका. साईटवरचं माप हे पुढचे पंखे न लावता घेतलेलं असतं."

मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट नापास करते. आणि स्वतःच्या घरी एका वेबसाईटच्या शब्दावर विसंबून बसले होते! पप्पांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही. ते पुढचं कॅबिनेट मागत होते. दुसऱ्यात कार्ड गेलं, पण पंख्यांना अगदी चिकटून, म्हणून त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यात गेलं, तेव्हा कार्ड आणि पंख्यांच्या मधल्या फटीत त्यांनी बोट घालून बघितलं. "आता हवा खेळंल. हेच घे."

दुकानदार तोवर पुठ्ठ्याच्या कडा निरखत होता. "काका, हे केलं कुणी?"

"लेकीनं," पप्पा म्हणाले. "मी फक्त तपासलं."

मी वळून कीबोर्ड बघायला लागले, कारण डोळे भरून आले होते.

पुढच्या रविवारी आम्ही सगळं जोडलं. स्क्रू मी पिळले, ते शेजारी बसून "हळू, हळू" म्हणत राहिले. कार्ड अलगद आत बसलं. स्क्रीन पहिल्याच फटक्यात उजळली तेव्हा मी ओरडलेच. पप्पांचं लक्ष स्क्रीनकडे नव्हतं. नवं कॅबिनेट मोठं होतं, ते टेबलाच्या कडेबाहेर थोडं आलं होतं, आणि पप्पा तिथं बघत होते.

मग उठले, कपाटापाशी गेले आणि पेटी स्वतःच काढून आणली.

"टेबल लहान पडायलंय," ते म्हणाले. "पुठ्ठा आण."